धुऱ्यावरचा मोबाईल

"आजी, तोंड इकडे कर. हां, आता कमरेवर हात ठेव आन् बोल, एक्सक्यूज मी प्लीज!"

मी गुडघाभर चिखलात. हातात पऱ्ह्याची, धानाच्या रोपाइची पेंढी. मालकाची सून धुऱ्यावर, वावराच्या बांधावर, छत्री घेऊन उभी, मोबाईल माह्याकडे रोखलेला. मी पेंढी खाली ठेवली. कमरेवर हात ठेवला. बोलली. एक्सक्यूज मी प्लीज. थँक्यू. नो प्रॉब्लेम. सून पोट धरून हासली. मालक हासला. मी पन हासली.

माहं ते हासनं मले अजून टोचते.

मी दुसरीत शाळा सोडली. गोंदिया जिल्हा वेगळा झाला, आमचं गाव एकोडी भंडाऱ्यातच राहिलं. दुखलं-खुपलं का भंडाऱ्याचा दवाखाना. तिथं म्हनत, वेट करा, रिपोर्ट आना, काउंटरवर जा. समजे नाई. विचारलं का खेकसत. मंग नातीनं मोबाईलवर कॉमेडी लावून देल्ली. त्यात एक खेड्यातली सासू फटाफट इंग्रजी झाडे आन् तिची सून तिले सुधारे. हासता हासता मले शब्द येऊ लागले. वेट म्हंजे थांब. एम्प्टी म्हंजे खाली, रिकामं. धानाच्या रोवण्यात पेंढी सरली का मी ओरडो, "एम्प्टी!" बाया हासत. "बुढी मॅडम झाली वं!" ते हासनं आमचं आपसातलं होतं. मालकाच्या सुनेनं धुऱ्यावरून ऐकलं, आन् मोबाईल काढला.

दोन-चार दिवसांनं नात शाळेतून आली. जेवली नाई. मोबाईल माह्यापुढे ठेवला.

"आजी, तू काहून बोलली वं तिच्यासाठी?"

मी पाह्यलं. सुनेनं काढलेला माहा व्हिडिओ. माहं चिखलाचं लुगडं, माहे पडलेले दात. मांगून गाढवाचा आवाज टाकला होता. शेवटी सून माह्या ओंजळीत वरून पानी ओतते, तेही त्यात होतं. आमी बुद्धाचे लोक, मालकाच्या घरचा गिलास आमाले कधी भेटला नाई. त्यावर कोनी हासलं नाई. ते कोनाले दिसलंच नाई. मलेही इतके वर्षं कुठं दिसलं होतं? ओंजळ धरली का पानी पडे, पेवो, कामाले लागो.

आन् कॉमेडीतल्या त्या सासूवर मी किती हासली होती. ते बी माह्यासारखीच बुढी.

दुसऱ्या दिवशी रोवण्यावर गेली. सून आलीच. "आजी, लय लोकाइनं पाह्यलं तुले! आज नवीन काही बोल न."

मी सरळ उभी राहिली. रोवण्यात सगळ्या बाया एका लाईनीत वाकून मांगे सरकते. मधली एक थांबली का लाईन तुटते. लाईन तुटली. बाजूची म्हने, "वाक वं माय, मजुरी बुडवतं का?" मी वाकली नाई. दोघी-तिघी मुकाट्यानं रोवत राहिल्या. बाकीच्या उभ्या झाल्या. मालक धावत आला.

"काय झालं वं बुढे? पऱ्हे सुकून राहिले!"

"सुनेले सांगा, तो व्हिडिओ पुस म्हना. मंग वाकतो."

"अवं गंमत केली तिनं!"

"कोनाची?"

त्यानं सुनेकडे पाह्यलं. तिनं पुसला, मले दाखवला. तिचं तोंड लाल. मालक म्हने, "उद्यापासून येऊ नको." म्हनलं, बरं. त्या दिवसाचा रोवणा पुरा केला. दुपारी ओंजळ धरली नाई. तहान घेऊन घरी आली.

एका मोबाईलातून पुसल्यानं तो व्हिडिओ गेला नाई, मले मालूम आहे. गावागावात फिरला. बाजारात पोट्टे अजून मांगून ओरडते, "एक्सक्यूज मी!" मान खाली जाते. अजूनही जाते. खोटं कायले सांगू.

पन शिकनं मी सोडलं नाई. दवाखान्यात आता मीच विचारतो, रिपोर्ट कधी देता, कोनत्या काउंटरवर देता. नात शिकवते, मी बोलतो. माह्या कामासाठी बोलतो. कोनी धुऱ्यावर उभं राहून बोल म्हनलं, तं बोलनार नाई. आन् वरून पडलेलं पानी पेनार नाई. मरताना तोंडात टाकाले आनलं तरी नाई.