जोसेफचा विमा आणि आमचा दवाखाना

मी मुरबाडच्या दवाखान्यात कंपाउंडर होतो. तिथे किस्से शोधत हिंडावं लागत नाही हो, पेशंट स्वतःच घेऊन येतात! त्यातही एकोणीसशे साठच्या सुमाराला आलेल्या जोसेफनं तर एकट्यानं माझी पोतडी भरली. हा मूळचा केनियाचा. मुंबईच्या कॉलेजात शेती शिकायचा आणि भाताचा अभ्यास करायला दोन कोसांवरच्या पाड्यावर काशीबाई नावाच्या मावशींकडे राहायला आला होता. उंची सहा फूट, आणि बगलेत कॉलेजनं दिलेलं विम्याचं जाडजूड पुस्तक!

*

पहिला ताप आला तेव्हा तो चालतच आला. खिडकीतून त्यानं कार्ड दिलं, कॉलेजचं पत्र दिलं, विम्याचा फॉर्म दिला, तोही तीन प्रतींत.

मी म्हटलं, "बाटली?"

सरकारी मिक्श्चर हवं तर बाटली घरून आणायची, हे अख्ख्या तालुक्याला ठाऊक. त्याच्या पुस्तकात मात्र नव्हतं! बिचाऱ्यानं पान न् पान उलटून पाहिलं. शेवटी रांगेतल्या एका म्हातारीनं आपली रिकामी तेलाची बाटली दिली. तीन दिवस त्यानं माक्याच्या वासाचं औषध घेतलं.

चौथ्या दिवशी येऊन सांगतो, "ताप गेला, कंपाउंडरसाहेब. केस पण छान झाले!"

*

एकदा काशीबाई डोळ्यांना पदर लावूनच दवाखान्यात आल्या.

"डाक्तर, पोराला काय झालाय? खरा सांगा!"

"ताप होता, उतरला."

"मंग त्याचा विमा कशाला काढला?"

पाड्यावर विमा माहीत होता तो फक्त शाळामास्तरांचा. मास्तर गेले, आणि मग त्यांच्या बायकोला विमा मिळाला. डॉक्टरांनी अर्धा तास समजावलं, की हा विमा जिवंतपणीच्या औषधपाण्याचा, मरणाशी त्याचा संबंध नाही.

काशीबाईंनी डोळे पुसले आणि भडकल्याच. "म्हंजी मेला तर काय नाय? फशिवला हो पोराला!"

*

फॉर्ममध्ये एक रकाना होता: आधी कोणते उपचार झाले? आमचे डॉक्टर सत्यवादी. त्यांनी लिहिलं, "मीठमिरच्यांनी दृष्ट काढली." काशीबाईंनी काढली होतीच!

कंपनीचं उत्तर आलं: उपचार करणाऱ्याची पदवी कळवावी.

डॉक्टरांनी कळवलं: "मावशी."

*

दुसऱ्या तापात जोसेफला दोन दिवस दवाखान्याच्या ओट्यावर ठेवलं. शेजारच्या खाटेवर एक बाई होती. घरी बघणारं कोणी नाही म्हणून ती बकरीसुद्धा घेऊन आली होती. नेमका फॉर्ममध्ये प्रश्न: खोलीत आणखी कोण? डॉक्टरांनी लिहिलं, "एक बाई, एक बकरी. पैकी बकरी गाभण."

कंपनीनं तातडीनं कळवलं, "गर्भारपणाचा खर्च योजनेत बसत नाही!"

*

एवढं झाल्यावर मात्र कंपनी बिथरली. पत्र आलं: गावात उपचारांची धड सोय दिसत नाही, आमचे साहेब येऊन पाहतील; सोय नसेल तर विद्यार्थ्यानं लगेच मुंबईला परतावं.

जोसेफचा चेहरा उतरला. त्याचं भात पोटरीला आलं होतं, लोंब्या बाहेर पडायच्याच बाकी होत्या. कापणीआधी गेला तर वर्ष फुकट! "आमी नाय जाणार," तो थेट काशीबाईंच्या बोलीत म्हणाला. मलाही वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? लळा लावला होता त्यानं.

साहेब आले. चकचकीत बूट, हातात वही. मी त्यांना पाड्यावर घेऊन गेलो.

"इथून पेशंट मुरबाडला कसा नेता?"

"डोलीतून." काशीबाईंनी बांबूला बांधलेली झोळी पुढे केली.

"या जोसेफला बसवून दाखवा."

काशीबाई आडव्याच आल्या. "धडधाकट मानूस डोलीत घालायचा नाय! अपशकुन व्हतो."

साहेबांनी वहीत लिहिलं, 'वाहनाची सोय नाही.' वही मिटली आणि बांधावरून तरातरा निघाले. जोसेफ नुसता आपल्या भाताकडे बघत राहिला.

बांध ओला होता. चार पावलं गेले असतील नसतील, बूट सटकला आणि साहेब थेट चिखलात! पाय असा मुरगळला की उभंच राहवेना.

काशीबाई ओरडल्या, "आता चालतंय! घाला डोलीत!"

डोली निघाली ती दोन कोस कुठे टेकली नाही. धावता धावता माझाच जीव जायची वेळ आली. दवाखान्याच्या पायरीशी साहेबांनी वही मागून घेतली, मघाची ओळ खोडली आणि तिथेच बसून अहवाल पुरा केला. शेवटचा रकाना होता, विद्यार्थ्याची प्रकृती.

साहेबांनी लिहिलं, "उत्तम. दोन कोस मी त्याच्याच खांद्यावर होतो."