हिराबायने दार वाजवलं तेव्हा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, मुलांना नाही. एक-दोनदा सांगायचं म्हणून तोंड उघडलं, आणि भलतंच काहीतरी बोलून गप्प बसलो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून कदाचित जमेल. मधे अडखळलो तर जरा थांबा. वय झालंय — आणि हे बोलायची जिभेला सवय नाही.

सगळं झोपेपासून सुरू झालं. हसू येईल तुम्हाला. तेवीस वर्षांच्या धडधाकट माणसाला झोप येत नाही, यात सांगण्यासारखं काय आहे?

सन साठनंतरची ती वर्षं. तारापूरला समुद्राजवळ मोठं बांधकाम चाललं होतं, आणि सातारा, सांगली, कुठून कुठून माणसं येत होती. मीही तसाच आलो, साताऱ्याकडून. पंपावर लागलो. पायासाठी खोल खड्डे खणलेले, त्यात पाणी झिरपायचं, ते दिवसरात्र उपसत राहायचं. पंप बंद पडला की खड्डा भरला, आणि खड्डा भरला की शंभर माणसांचं काम अडलं. म्हणून तीन पाळ्या. आठवड्याला पाळी बदलायची. सकाळची अंगवळणी पडते न पडते तो दुपारची, दुपारची जमते तो रातपाळी. सहा-सात महिन्यांत माझी झोप पार विस्कटली. कामावर डोळे मिटायचे, आणि खोलीवर येऊन आडवा झालो की टक्क उघडे. दिवसाकाठी तास-दीड तास डुलकी लागली तर लागली. हात थरथरायचे. जेवताना घास तोंडाशी नेऊन तसाच बसायचो.

पंपावर दोनदा झोपलेला सापडलो. दुसऱ्या वेळी खड्ड्यात गुडघाभर पाणी झालं होतं. आमचे सुपरवायझर वाईट माणूस नव्हते. ते एवढंच म्हणाले, "तिसऱ्यांदा दिसलास तर गावी जायचं." गावी काय होतं? वडील अंथरुणावर आणि पाठच्या दोन बहिणी. मी गावी जाऊन चालणारच नव्हतं.

मग बोईसरहून गाडी धरून पालघरला गेलो. स्टेशनजवळ एक म्हातारे डॉक्टर बसायचे. त्यांनी नाडी बघितली, डोळे बघितले, आणि म्हणाले, औषध देत नाही. शरीर झोपेची वेळ विसरलंय, ते त्याला परत शिकवायचं. महिनाभर एकच पाळी मागून घे. कुठली मिळेल ती. रातपाळी मिळाली तर सकाळी नऊला आडवं व्हायचं आणि चारला उठायचं, रोज, रविवारीसुद्धा. खिडकी झाकायची. चहा बंद. आणि झोप येवो न येवो, चारच्या आत अंथरूण सोडायचं नाही — घर पेटलं तरी नाही, असं हसून म्हणाले. वीसेक दिवसांत जमेल. एकदा जरी नेम मोडलास तर पहिल्यापासून.

रातपाळी कुणालाच नको असायची, त्यामुळे मला लगेच मिळाली.

मी राहायचो मच्छीमारांच्या वस्तीत, हिराबायच्या घराला लागून असलेल्या खोलीत. हिराबाय पन्नाशीची, विधवा. मुलगा रघुनाथ बोटीवर जायचा. सून कुसुम, एकोणीस-वीस वर्षांची, बोलणं कमी, पण मला भाकरी द्यायची तेव्हा वर चटणीचा गोळा न विसरता ठेवायची. तिला दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण.

माझा तो नेम हिराबायने माझ्याहून जास्त मनावर घेतला. डॉक्टरांनी काय सांगितलं ते तिने मला दोनदा विचारून घेतलं. खिडकीला तिनेच सिमेंटच्या गोणी शिवून लावल्या. माझ्या दारापुढे बोंबील वाळत असायचे, त्यावर कावळे यायचे, तर ते बोंबील तिने उचलून पलीकडे नेले. अंगणात पोरं ओरडली की तिचा आवाज यायचा, "गप रवा रे. आमचा सदा झोपलाय." आमचा सदा. मी आत जागाच असायचो, पण ऐकून बरं वाटायचं. माझ्या आईनंतर माझ्या झोपेची काळजी कुणी केली नव्हती.

पहिला आठवडा काहीच झालं नाही. नुसता पडून राहायचो. आठव्या-नवव्या दिवशी दोन तास लागली. दहाव्या दिवशी तीन. आणि अकराव्या दिवशी —

अकराव्या दिवशी मी नऊला दाराजवळच्या खाटेवर आडवा झालो. दहाच्या सुमारास अंग जड व्हायला लागलं. बऱ्याच महिन्यांनी झोप आपणहून येत होती. वस्ती रिकामी होती. बोटी दोन दिवसांपूर्वी गेलेल्या, बाया टोपल्या घेऊन बाजाराला.

तेव्हा दार वाजलं.

मी जागा होतो. हेच सांगायचं आहे मला. इतकी वर्षं सगळ्यांना वाटत आलं की मी झोपलो होतो. मी जागा होतो, अगदी पूर्ण जागा. दार तीनदा वाजलं. मग हिराबायचा आवाज आला, दाराच्या फटीला तोंड लावून बोलत असावी. "सदा. बाला, उठतो का रे? कुसुमचं पानी गेलंय. पोर आडवं हाय असं वाटतं. सुईण पाम गावाला गेलीया लग्नाला. साइटवरची गाडी मिलंल का, नर्सबायला आनायला?" शब्द न् शब्द मी ऐकला. माझी सायकल भिंतीला टेकवलेली होती. साइट पंधरा मिनिटांवर. जीप असायची, मागितली असती तर मिळाली असती. दुसऱ्या एका कामगारासाठी ती दिलेली मी डोळ्यांनी बघितली होती.

मी उठलो नाही.

काय विचार केला? विचार असा फार नाही केला. अकरावा दिवस आहे, एवढं डोक्यात आलं. पुन्हा पहिल्यापासून, असं आलं. बाळंतपण काय, बायकांचं बायका बघतील — असंही आलं. तिने पुन्हा दार वाजवलं, या वेळी हाताच्या तळव्याने, कडी हलली. मी श्वास धरून पडलो. तुम्ही कधी जागेपणी झोपल्याचं सोंग केलंय? बंद दाराआड, जिथे कुणी बघत नाही तिथे? कुणासाठी ते सोंग? पण मी डोळेसुद्धा मिटून घेतले होते.

मग ती थांबली. बाहेर पावलं वाजली, लांब गेली. ती बोईसरच्या रस्त्याला लागली होती, चालत. साइटच्या फाटकातून तिला एकटीला कुणी आत सोडलं नसतं.

आणि मला झोप लागली. गाढ. चार वाजता घड्याळाचा गजर झाला तेव्हा कुठे जाग आली. सहा तास झोपलो मी त्या दिवशी.

बाहेर आलो तेव्हा अंगणात बाया जमल्या होत्या. त्यांच्याकडून कळलं. शेजारच्या एका म्हातारीला कुसुमपाशी बसवून हिराबाय अर्ध्या रस्त्यापर्यंत चालत गेली, तिथे खडीच्या ट्रकवाल्याने तिला घेतलं. नर्स बोईसरात एका घरी गेलेली, ती परत येईपर्यंत हिराबाय थांबली, मग दोघी टांग्यातून आल्या. तीन वाजून गेले होते. मुलगी झाली होती. रडली नाही. नर्स हात धुता धुता आपल्याशीच बोलल्यासारखं म्हणाली, "दोनेक तास आधी कुणी बोलवलं असतं तर..."

हिराबाय माझ्यापाशी आली. पायाला खडे टोचून रक्त आलेलं. मला वाटलं, आता विचारेल. मी उत्तर शोधत होतो. तर ती म्हणाली, "मी आली व्हती रे तुझ्या दारावर. पन हलूच वाजवलं. तू दमून आलेला, नुकती कुठं झोप लागाया लागली तुला. जरा जोरात वाजवायला पायजे व्हतं मी."

मी म्हणालो, "मला कळलंच नाही, बाय."

बस. चार शब्द. ते बोलायला जीभ अडली नाही. तेव्हा खरं बोललो असतो तर काय झालं असतं? तिने शिव्या दिल्या असत्या, खोली सोडावी लागली असती. जे होऊन गेलं ते होऊन गेलं, आता सांगून काय उपयोग, असं मी तेव्हा स्वतःला समजावलं. पण ते होऊन गेलेलं नव्हतं. खरं वाईट तर त्याच्यानंतर झालं.

दोन दिवसांनी बोटी परत आल्या. रघुनाथला सगळं समजलं. मी पायरीवर बसलो होतो, तो अंगणात उभा. तो आईवर ओरडला नाही. हळूच म्हणाला, "दार मोडायचं व्हतंस ना, आय. लाथ घालायची. तो काय खाल्ला असता तुला?" हिराबायने मान खाली घातली. म्हणाली, "हां. चुकलंच माझं." कुसुम आत पडून होती, ती ऐकत होती. मी पायरीवरच होतो. हाताच्या अंतरावर. मी चपलेचा तुटलेला अंगठा बघत बसलो.

त्या घरात मग काही नीट राहिलं नाही. कुसुम सासूशी कामापुरतं बोलायची. हिराबायने वाढलेलं ताट ती बाजूला सारायची आणि उठून स्वतः वाढून घ्यायची. रघुनाथ दोघींच्या मधे कुणाचीच बाजू न घेता बसायचा. वर्ष व्हायच्या आत त्याने बोट सोडली, बांधकामावर नोकरी धरली, आणि बायकोला घेऊन सरावलीला वेगळा राहिला. तिथे त्यांना मुलगा झाला. तो नातू हिराबायला महिना-महिना दिसायचा नाही. "राग हाय सुनंचा," ती म्हणायची, "आन् तिचा राग बरोबर हाय." हे ती शेजारणींना सांगायची, माझ्यादेखत सांगायची.

आणि माझी झोप? बसली. वीसेक दिवसांत बसली, डॉक्टर म्हणाले तशीच. हात थरथरायचे थांबले. नोकरी टिकली, पुढे कायमची झाली. बहिणींची लग्नं त्याच नोकरीवर झाली. हिराबाय कौतुकाने लोकांना सांगायची, सदाची झोप अशी की दारात ढोल वाजला तरी उठायचा नाही. मग मला ते निभवावं लागलं. तिने सकाळी हाक मारली की पहिल्या हाकेला उठायचं नाही, हे मी लक्षात ठेवायला लागलो. दुसऱ्या हाकेलाही नाही. तिसरीला डोळे चोळत दार उघडायचं. रोज. लाज वाटायची, आणि तरी रोज करायचो.

लग्न ठरलं तेव्हा मला कामगारांच्या वसाहतीत जागा मिळाली. खोली सोडायच्या सकाळी ट्रंक बांधत होतो. हिराबाय दारात येऊन उभी राहिली. सुकटीची पुरचुंडी हातात, नव्या घरी न्यायला. ती दिली, आणि जायचं सोडून उभीच राहिली. मग म्हणाली,

"एक विचारू, बाला? खरं सांग. त्या दिशी जर मी जोरात वाजवलं असतं, तर तू उठला असता?"

तिने किती दिवस हा प्रश्न मनात धरला होता कोण जाणे. मला आजही वाटतं, तिला माझ्याकडून एकच उत्तर हवं होतं — नाही बाय, कितीही वाजवलं असतंस तरी उठलो नसतो. तेवढं खोटं बोललो असतो तरी तिची सुटका होती. खरं बोललो असतो तरी होती. दोन्ही वाटा समोर होत्या. पण उठलो नसतो म्हटलं तर ती पुढे आणखी काही विचारील, दाराजवळची खाट, हललेली कडी, हे सगळं निघेल, अशी मला भीती वाटली. उगाच वाटली. तिच्या मनात संशय असा नव्हताच.

मी म्हणालो, "उठलो असतो, बाय. जोरात वाजवलं असतं तर उठलो असतो."

तिने मान हलवली. दोन-तीनदा. "हां," म्हणाली, "तेच म्हनते मी." आणि पदराने दाराची कडी पुसल्यासारखं करून निघून गेली.

त्यानंतर ती आठ-दहा वर्षं जगली. मी सणावाराला जायचो. शेवटी-शेवटी तिला नीट दिसत नसे. ती एकटी होती तेव्हा गेली, सकाळी शेजारणीला कळलं. मी तेराव्याला गेलो. पंगत उठल्यावर रघुनाथ माझ्या शेजारी येऊन बसला. कुसुम भांडी आवरत होती. तो म्हणाला, "आय तशी वाईट नव्हती, सदाभाऊ. पन त्या दिशी तिनं जरा जोर केला असता तर आमचं घर फुटलं नसतं. नाय का?"

तेव्हा सांगता आलं असतं. ती गेली होती, मला आता कुणाची खोली सोडायची नव्हती, नोकरी पक्की होती. कुसुमचा हात भांड्यावर थांबला होता, ती ऐकत होती.

मी म्हणालो, "हो. खरंय."