राब भाजण्याआधी

आमच्या खडवलीची मंजुळा ठाण्याच्या एका इस्पितळात कॅन्सरवाल्या पोरांच्या वॉर्डात आया आहे. बारा वर्षं झाली. शिक्षण सातवी. अजून दर आषाढात रजा टाकून लावणीला येते आणि चिखलात आम्हा बाप्यांना मागं टाकते. पण आमची आळी आता तिचं नाव घेते ते वेगळ्याच कारणानं.

तिच्या वॉर्डातली अमृता अकरा वर्षांची, पायाच्या हाडाचा कॅन्सर. सोमवारपासून केमो. बाप संदेश मानपाड्याला कंपनीत, आजोबा आबा मुरबाडकडचे शेतकरी. शुक्रवारी अमृताच्या खाटेजवळच डॉक्टर संचितानं दोघांना सांगितलं, "केमोमुळे तिला पुढे मूल होणं अवघड जाऊ शकतं. म्हणून अंडाशयाचा तुकडा आधीच काढून गोठवून ठेवू."

आबांनी 'काढून' एवढंच ऐकलं.

"नातीला वांझ करताय माझ्या? संदेश, सही केलीस तर बघ!"

संदेश बापापुढं कधी बोललेला नाही. डॉक्टरनं तेच शब्द पुन्हा सांगितले, जरा मोठ्यानं. आबा काही बहिरे नव्हते.

मंजुळा बाजूला फरशी पुसत होती. फडकं पिळून म्हणाली, "आबा, राब भाजता ना तुम्ही?"

"भाजतो. मग?"

"कशापायी?"

"तण जळावं म्हणून. शेण-पाला अंथरून भाताचा वाफा भाजायचा. तुला ठाव नाय?"

"हाय ठाव. तवा बियाणं कुठं असतं? त्याच वाफ्यात?"

"येडी का खुळी तू? बियाणं घरात, पेंढ्याच्या मुड्यात बांधलेलं."

"मंग केमो म्हंजे राबच. तणासंगं बियाणं पन जळंल. डाक्टरबाई म्हनते, मूठभर आधी घरात ठेवू."

आबा डॉक्टरकडं वळून म्हणाले, "आन् उगवंल?"

"हमी नाही देणार," डॉक्टर म्हणाली.

"मुड्यातल्याची तरी कोण देतो! कर रे सही."

संदेशनं पेन उचललं तर मंजुळा आडवी आली. "थांब रे दादा. जिचं हाय तिला इचारलं का कुनी?"

कुणीच विचारलं नव्हतं. अमृता मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाली, "मी ऐकलंय सगळं. ठेवा. पण डबीवर नाव नीट लिहा. मागे रिपोर्टवर अमिता केलेलं."

शनिवारी ऑपरेशनला नेताना मंजुळानं सिस्टरकडून डबी मागून घेतली, नावाच्या एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचलं आणि मगच ट्रॉली पुढं ढकलली. सोमवारी केमो ठरल्या वेळी लागला.