कुलूप काढण्याआधीचा फोन

आमच्या ऑफिसातल्या एकीला सगळे कुलूपताई म्हणतात. तोंडावर नुसतं ताई. यंत्रांची ड्रॉइंग्ज आम्ही सर्व्हरवर एका रिपॉझिटरीत, म्हणजे सगळ्यांच्या सामायिक साठ्यात, ठेवतो. जो ज्या फाईलवर काम करतो तो तिला कुलूप लावतो, म्हणजे दुसऱ्याने मध्येच हात घालू नये. काम झालं की काढायचं. पण काढतंय कोण! लोक कुलूप लावून खुशाल घरी जातात आणि इकडे बाकीचे बोंबलत बसतात. अशी अडकून राहिलेली कुलपं काढणं हे ताईचं काम.

एक कमांड दिली की कुलूप निघतं, कुणाला विचारायला नको. पण ही बाई आधी फोन करणार. "तुमच्या कॉम्प्युटरवर काही सेव्ह करायचं राहिलंय का? नाही ना? मग काढते हं." मी शेजारच्याच टेबलावर, माझं डोकं उठायचं. "अगं, चुटकीसरशी होणारं काम, कशाला एवढं चऱ्हाट लावतेस?"

"कुणाची मेहनत वाया गेली तर?" हे ठरलेलं उत्तर.

आई गेल्यापासून ती एकटीच राहते. भाऊ आहे, पण नावापुरता. शनिवार-रविवार कुणाशी बोलणंच होत नाही, त्यामुळे सोमवारी ऑफिसात पहिला शब्द बोलताना आपला घसा धरलेला असतो, हे तिनेच मला हसत हसत सांगितलं. मला मेलीला काही हसू आलं नाही.

दुसऱ्या शाखेत एक ड्राफ्ट्समन काका आहेत, विधुर. एका जुन्या पंपाच्या ड्रॉइंगचं कुलूप ते दर शुक्रवारी न चुकता विसरायचे. तो पंप बनवणं बंद होऊन जमाना झाला! सोमवारी ताईचा फोन जायचा. कुलपाचं एक वाक्य, मग काकांचा खोकला, ताईचा गुडघा, तिकडची हवा. "विसरभोळे आहेत गं," ती म्हणायची आणि कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या.

मग नवे साहेब आले. दोन दिवस हात न लागलेलं कुलूप आपोआप निघालं पाहिजे म्हणाले, आणि ज्याचं त्याला मेल जाईल. ताईनेच तो प्रोग्रॅम लिहिला, अगदी नेटका. मेलमध्ये साहेबांनी आपलं शेपूट जोडलं: पुन्हा असे होऊ देऊ नये.

पहिल्याच सोमवारी पंपाचं कुलूप निघालेलं आणि काकांना मेल गेलेला दिसला. ताईने फोन उचलला आणि खाली ठेवला.

"कर की!" मी म्हटलं.

"काय म्हणून करू?"

"खोकला कसा आहे म्हणून कर!"

"तसं कसं गं? मी आपली कामासाठीच करत होते."

मी चिडले. असली कसली भीड! पण तिच्यासमोर माझं काही चालेना.

पुढच्या सोमवारी ती आल्या आल्या, पर्स खांद्यावर तशीच ठेवून, आपोआप निघालेल्या कुलपांची यादी उघडून बसली. वर गेली, खाली गेली, पुन्हा वर गेली. पंप कुठेच नव्हता.

"लावलंच नाही गं त्यांनी," ती म्हणाली. तिचा घसा अजून मोकळा झाला नव्हता.