गोणीचं वजन

शेवंतीवहिनींनी मला गोव्यात, मुळगावात राहायला खोली दिली, शाळेत पोरांना दुपारची पाव-भाजी वाढायचं काम लावून दिलं. बेळगावकडच्या खेड्यातनं आलेली, सहावीत शाळा सुटलेली बाई मी — कोण ठेवून घेतं हो? त्यांचं नाव आधी लिहिते, कारण पुढचं वाचल्यावर माझं तोंड बघावंसं वाटणार नाही तुम्हाला. हे मी कुणाजवळ बोललेले नाही. नवऱ्याजवळही नाही.

शाळेत तेव्हा आरोग्याचा कार्यक्रम सुरू झाला होता. लहानपणीच पोरं जाड होऊ नयेत म्हणून दर महिन्याला वजन, डब्यात वेफर्स बंद, मधल्या सुट्टीत पळायचे खेळ. वर्गाच्या बाईंनी बजावलं होतं — आकडा मोठ्यानं बोलायचा नाही, कार्डावर लिहायचा. एकदा शाळेचा काटा बंद पडला. मीच धावत जाऊन वहिनींच्या पडवीतला काजू तोलायचा काटा आणला. आणि काजू तोलताना करतात तसे आकडे ओरडायला लागले. पोरं खूश. बाई शेजारच्या वर्गात.

मग तन्वी चढली. वहिनींची मुलगी, दुसरीतली, गुबगुबीत. मी आकडा ओरडले, आणि वर म्हणाले, "थांबा, गोणीचं वजन वजा करायचं राहिलं."

सवयीनं तोंडातनं गेलं? बाईंना तसंच सांगितलं मी, त्यांनी ते तिथंच सोडून दिलं. पण नाही — माझी तेवढ्याच वयाची पोर गावाकडे, काडीसारखी. तन्वीचे गाल रोज डोळ्यांत खुपायचे. कारण म्हणून सांगत नाही हे. पोरं हसली तेव्हा मला बरं वाटलं. खूप बरं वाटलं.

दुसऱ्या दिवसापासनं ती 'गोण' झाली. पळताना मागनं ओरडायची पोरं, म्हणून खेळणं सोडलं तिनं. शाळेत पाव शेजारणीच्या ताटात सरकवायची, आणि घरी दाराआड मुठीनं साखर खायची. जे होऊ नये म्हणून सगळा खटाटोप, तेच झालं.

वहिनींनी विचारलं, "मंगल, कोणी ठेवलां गो ह्या नाव तिका?"

मी तिच्या वर्गातल्या शर्वरीचं नाव घेतलं. शर्वरीला घरी मार बसला; चिडवणाऱ्यांत तीही होती, म्हणून तिचं कुणी ऐकलं नाही. वहिनी म्हणाल्या, "तू आसस म्हणान माका धीर गो. शाळेत तिच्यार लक्ष ठेव."

पण तन्वीनं आईला खरं का नाही सांगितलं? — इथंच अडते मी. कारण मी तिला एकटीला गाठून म्हटलं होतं, सांगितलंस तर आईसुद्धा हसेल तुला. सात वर्षांची होती. तिला ते पटलं.

आता ती पाचवीत आहे. आईसमोर अजून पोटभर जेवत नाही.

वहिनींचं ऋण मी एक दिवस फेडीन. तन्वीच्या देखत, त्यांच्यासमोर बसून, ते नाव कुणी ठेवलं ते सांगीन. त्यानंतर त्यांनी मला ठेवून घ्यावं, असं मी म्हणणार नाही.