लगबगराव आणि थिजलेली नळी

आमच्या कारखान्यात बुरशीपासून तेल काढत. ऐकून लोक नाक मुरडत, पण तेल चांगलं निघे. वाळवलेल्या बुरशीचा भुगा पोलादी भांड्यात भरायचा, झाकण आवळायचं आणि आत दाबाखालचा कार्बन डायऑक्साइड सोडायचा. एवढ्या दाबाखाली तो धड वायू राहत नाही, धड पाणी होत नाही. कणाकणात शिरून तेल ओढून आणतो. पुढच्या भांड्यात दाब उतरला की वायू निघून जातो, तेल तळाशी राहतं. दाब मात्र सावकाश उतरवायचा. खरं कष्टाचं काम तेच, हात आवरून उभं राहणं.

आणि दाब उतरवायच्या व्हॉल्व्हवर माझा जोडीदार कोण, तर लगबगराव. एक घास गिळायच्या आत दुसरा तोंडात. बुटाची नाडी चालता चालता बांधणारा माणूस.

त्या दिवशी त्याची लेक नोकरीसाठी परगावी निघाली होती. एकुलती एक, आई नसलेली. गाडी चारची, पाळी तीनला सुटणार, स्टँड जवळच. सगळं आरामात जमलं असतं.

"दादा, जरा जास्त उघडू?"

"हात लावू नकोस."

मी पोतं उचलायला वळलो आणि त्याने उघडलाच. दाब एकदम उतरल्याने नळी गारठून पांढरी पडली. आत तेल थिजून गच्च बूच बसलं.

मी कपाळावर हात मारला. "घे! भांड्यात दाब तसाच अडकलाय. आता हे सोडून जाता येणार नाही."

"हातोडीने ठोकू?"

"माझं डोकं ठोक! कोमट पाण्यात भिजवलेली फडकी आण."

फडकं गुंडाळायचं, गार झालं की बदलायचं. तो दर फडक्याला घड्याळ बघे, मी खेकसे. नळी सुटून दाब उतरला, तेव्हा चार वाजून गेले होते. तो जमिनीवर बसला. त्याला इतका स्वस्थ मी कधी पाहिला नव्हता, आणि ते बघवेना.

तेवढ्यात वॉचमनने हाक मारली, "लगबगराव, लेक आलीय फाटकावर!"

तो फाटकाकडे धावला, मागोमाग मी. ती बॅग घेऊन उभी होती.

"गाडी चुकवलीस?"

"गाडी पाचची आहे, बाबा. तुम्हाला चारची सांगितली. आई तसंच करायची ना. तुम्ही आला नाहीत, तेव्हाच कळलं, कुठेतरी घाई केली असणार."

तो बॅग हिसकावून पळत सुटला. "चल, चल, उशीर होतोय!"

"बाबा, सावकाश!"

बॅगेचा पट्टा फाटकात अडकला. त्याने तो ओढून तोडला.

फडकी पिळायची राहिली माझ्यावर.