भिंतीकडची पट्टी

कुमुदताई दिघ्यांची आणि माझी ओळख माझ्या तक्रारीने झाली. गौरवग्रंथातल्या लेखाची सुरुवात अशी करू नये कदाचित. पण गोडगोड प्रास्ताविक ताईंनाच रुचणार नाही, म्हणून घडले तसे सांगते.

आई गेली त्या वर्षीची गोष्ट. अकरा वर्षे माझी सकाळ आईच्या औषधांनी सुरू होत होती. ती गेल्यावरही जाग साडेपाचलाच येई, आणि मांजलपूरच्या त्या दोन खोल्यांत करण्यासारखे काही उरलेले नसे. म्हणून मी घराजवळच्या सार्वजनिक जलतरण तलावावर, सकाळच्या महिलांच्या वेळेत, जाऊ लागले. पाण्यात डोके घातले की घरातल्यासारखीच शांतता असे. फरक एवढाच, की ही मी स्वतः निवडलेली असे.

तलावाच्या उथळ अर्ध्या भागात मात्र बावीस बायका छातीभर पाण्यात उभ्या राहून व्यायाम करीत. कुणाचे गुडघे दुखत, कुणाची कंबर. दोन्ही बाजूंच्या भिंतींना लावलेले दांडे धरून त्या पाय मारत, आणि मध्ये उभ्या राहून ताई आकडे मोजत. बायका बहुतेक गुजराती, म्हणून आकडे गुजरातीत सुरू होत. दहाच्या पुढे गेले की ताई नकळत मराठीत येत. मी खोल भागातून पोहत निम्म्यावर आले की समोर पाठी आणि पाय. तिथूनच मागे वळावे लागे. आठवडाभर सोसले आणि मग कार्यालयातल्या सूचनावहीत लिहिले, ‘व्यायामवाल्यांनी तलाव अडवला आहे. एकट्या माणसाने पोहायचे कुठे?’ खाली सही केली.

तिसऱ्या दिवशी डाव्या भिंतीला समांतर एक दोरी ताणलेली दिसली. कपडे वाळत घालायची निळी नायलॉनची दोरी, आणि ती तरंगावी म्हणून तिच्यात अडकवलेल्या, बुचे घट्ट लावलेल्या रिकाम्या बाटल्या. भिंत आणि दोरी यांच्यामध्ये एका माणसापुरती पट्टी, या टोकापासून त्या टोकापर्यंत मोकळी. ताईंनी माझ्याकडे पाहून फक्त मान हलवली. मी जिंकल्यासारखी पोहले.

त्या जिंकण्याचा अर्थ मला थंडीत कळला. कपडे बदलायच्या खोलीत व्यायामवर्गातल्या पुष्पाबेन केस पुसता पुसता म्हणाल्या, “तमे तो राणीसाहेबा. तुमच्या एका पट्टीपायी ताईंना दोनदा पाण्यात उभं राहावं लागतं, खबर छे?” मला खबर नव्हती. डावी भिंत माझ्याकडे गेल्यावर वर्गाला एकाच बाजूचा दांडा उरला होता. त्याला धरून अकराच बायका मावत. म्हणून ताईंनी वर्गाचे दोन भाग केले होते, आणि अर्ध्या तासाऐवजी त्या तासभर गार पाण्यात उभ्या राहत होत्या. एकीसाठी बावीस जणींनी खोळंबायचे का, असे वर्गाने विचारले होते. ताईंनी त्यावर वाद घातला नव्हता. रोज सर्वांच्या आधी येऊन त्या दोरी बांधत आणि शेवटी सोडून घरी नेत.

मी बाहेर आले तेव्हा ताई बाकावर बसून पाय पुसत होत्या. पाण्याने बोटे पांढरी पडून सुरकुतली होती. दोरी काढून टाका, मी निम्म्यावरून वळत जाईन, असे मी त्यांना सांगितले. बोलताना मान वर होत नव्हती.

“एकटीला पोहायला पाणी कमी लागतं का गं?” ताई म्हणाल्या. मग टॉवेल झटकत म्हणाल्या, “आणि माझ्या तरी घरी कोण वाट बघतंय? अर्धा तास इथेच जास्त जातो, बरं असतं.”

ताईंचे यजमान गेलेले, मुलगा परदेशी, हे मला त्यानंतर कळले. त्यांनी ते सांगितले ते हवामान सांगावे तसे. मला मात्र त्यांनी कधी काही विचारले नाही. एकदा सफाईसाठी तलाव पंधरा दिवस बंद होता. दहाव्या दिवशी ताई माझ्या दारात उभ्या राहिल्या. हातातल्या डब्यात साबुदाण्याची खिचडी होती. आईच्या रिकाम्या खाटेकडे त्यांनी एकदा पाहिले, दहा मिनिटे बसल्या, “सोमवारी उघडतोय,” एवढेच म्हणाल्या आणि गेल्या. त्या दहा दिवसांत माझ्या घरात बोलला गेलेला तो पहिला शब्द होता.

यंदा डॉक्टरांनी ताईंना पाण्यात तासभर उभे राहायला मनाई केली. सावकाश पोहायला हरकत नाही म्हणाले. वर्ग आता हेतलबेन घेतात. त्या गुणी आहेत, पण एकच वर्ग सर्वांना सोपा जाईल, डावी भिंत परत मिळावी, असे त्यांनी सुचवले, आणि बहुतेकींना ते पटले. मलाही विरोध करता येईना; बावीस जणींपुढे मी एकटी काय मागणार? त्याच बैठकीत पंच्याहत्तरीला ताईंना काय भेट द्यायची हा विषय निघाला. कुणी शाल म्हटले, कुणी चांदीचा दिवा. ताई म्हणाल्या, “मला काही नको. दोरी राहू दे.” मग पुष्पाबेनच म्हणाल्या, की आम्ही दोन भागांत येऊ, आता सवय झाली आहे.

ताईंना वाकता येत नाही, म्हणून दोरी आता मी बांधते. ताई त्या टोकाने पट्टीत उतरतात, मी या टोकाने. पट्टी एका माणसापुरती आहे; मध्यावर समोरासमोर आलो की एकीने भिंतीला चिकटावे लागते. कोण चिकटणार हे अजून ठरलेले नाही, त्यामुळे बहुधा दोघीही चिकटतो आणि एकमेकींवर आपटतो. ताई हसतात. एवढीच आमची भेट. मग त्या तिकडे, मी इकडे, पुन्हा आपापल्या शांततेत.

ताई, तुमचे गुडघे तुमचे ऐकोत, श्वास लांब राहो, आणि अशा पुष्कळ पुष्कळ सकाळी तुम्हांला लाभोत. घाई करू नका, सावकाश या. दोरी बांधलेली असेल.